रविवारपुरती तुझी खोली

प्रशिक, काकूंना व्हिसा मिळाला.

तू असतास तर ही बातमी मला सांगायच्या आधी अख्ख्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सला सांगून आला असतास आणि मग माझ्याकडेच पार्टी मागितली असतीस, जसा काही व्हिसा मीच दिला. मला ती काकूंकडून, तुझ्या आईकडूनच कळली, रविवारच्या कॉलवर. "बाबू, झालं बरं का काम. मे महिन्यात येतो आहोत आम्ही. आम्ही म्हणजे मीच. शिक्षण अर्धं राहिलं तरी कॉलेज त्याच्या नावानं डिग्री देऊन राहिलं, ती घेईन. अन् एक रात्र त्याच्या खोलीत झोपीन, त्याच्या पलंगावर. मग जाईन." मी म्हणालो, "हो काकू, या ना." फोन ठेवला आणि तुझ्या नावाने दोन अस्सल कोल्हापुरी शिव्या घातल्या. मेलेल्या माणसाला शिव्या घालू नयेत म्हणतात. पण लेका, तू गोष्टच तशी करून ठेवलीस.

तुझी खोली नव्हती. तुझा पलंग नव्हता. काकू गेली दीड वर्षं दर रविवारी जी खोली बघत होत्या, ती खिडकी, ते टेबल, त्या भिंतीवरचा बुद्ध, ती माझी खोली. तू राहायचास तिच्या क्लॉझेटमध्ये. इथल्या घरांत कपडे टांगायला जी एक बिनखिडकीची कोठडी असते, आत शिरून माणूस जेमतेम वळू शकतो, तिच्यात. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं आणि बाजूच्या खोलीतल्या दोन तेलुगू मुलांना माहीत होतं. काकूंना नव्हतं. तू गेल्यानंतरही नव्हतं.

तू आलास तो ॲरिझोनाचा ऑगस्ट होता. दारात उभा राहिलास तेव्हा दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि छातीशी धरलेली बुद्धाची फ्रेम. चेहरा उन्हाने लाल. "नागपूरच्या माणसाला ऊन सांगतो का बे," असं म्हणत तू एसीखाली जाऊन बसलास आणि अर्धा तास उठला नाहीस. आठवडाभर हॉलमध्ये राहायचं आणि मग जागा शोधायची, असं आपलं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी तू घर हिंडलास. माझ्या क्लॉझेटचं दार सरकवलंस, आत जाऊन मांडी घालून बसलास. माझे शर्ट तुझ्या डोक्याला लागत होते. तिथूनच विचारलंस, "अबे, याचं भाडं किती?"

मला वाटलं चेष्टा करतोस. म्हणालो, "भावा, ती काय राहायची जागा आहे?"

"तुझे शर्ट राहतात ना? मी शर्टापेक्षा कमी आहे का?"

तुझ्याशी बोलण्यात कोण जिंकणार? मी पीएचडीवाला, मला असिस्टंटशिप होती, फी माफ होती, म्हणून मी खिडकीवाल्या खोलीत राहू शकत होतो. तू मास्टर्सला, अर्ध्या फीची सवलत आणि अर्ध्याचं कर्ज. माझ्या भाड्याचा चौथा हिस्सा तू द्यायचं ठरवलंस आणि मी नको म्हटलं तरी पहिल्या तारखेला फोनवर पाठवत राहिलास. दोन पलंग खोलीत मावले असते. मी किती वेळा म्हटलं की गादी बाहेर टाक, खिडकीखाली झोप. तू म्हणायचास, खोलीचं भाडं तू भरतोस, क्लॉझेटचं मी भरतो, माझ्या हद्दीत मी राजा आहे. हा तुझा स्वाभिमान मला कधी पटला नाही. राग यायचा त्याचा. अजून येतो.

सकाळी मी दार सरकवायचो आणि तुझ्यावरून वाकून शर्ट काढायचो. तू डोळे न उघडता सांगायचास, "निळा घे. पांढरा कालच घातला होता." अपार्टमेंटच्या ऑफिसातून कुणी तपासणीला येणार असलं की तुझी गादी गुंडाळून माझ्या पलंगाखाली जायची आणि तू लायब्ररीत. लीजवर तुझं नाव नव्हतं ना. बाई यायच्या, क्लॉझेट उघडून बघायच्या, माझे शर्ट बघायच्या, "व्हेरी नीट" म्हणून निघून जायच्या. संध्याकाळी तू विचारायचास, "मॅडमला माझं घर आवडलं का?"

या युनिव्हर्सिटीने तुझ्याकडून जितकं घेतलं तितकं वसूल करायचा तू विडाच उचलला होतास. एका इमारतीतून दुसरीत जायला बस लागते एवढी ती मोठी, आणि बिलही तसंच. ट्यूशनच्या खाली दहा प्रकारच्या फिया. जिमची फी सक्तीची आहे कळल्यावर तू रोज जिममध्ये जायला लागलास, आंघोळीला. एकही वजन उचललं नाहीस. "गरम पाणी आपल्याच पैशाचं आहे, भाऊ." इन्शुरन्सची फी बघून तू दाढ दाखवायला गेलास तर काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की दात त्यात येत नाहीत, डोळेही येत नाहीत. तू घरी येऊन मला जाब विचारलास, "दात शरीराचा भाग नाही का बे? मग हे लोक जेवतात कशानं?" कुठल्या क्लबच्या मीटिंगला पिझ्झा असतो ते तुला पाठ. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या क्लबात तू पिझ्झ्यासाठी गेलास आणि तिथे चक्क रमलास. पांढरा झगा आणि जाळीची टोपी घातलेला तुझा फोटो तू काकूंना पाठवलास तेव्हा त्यांनी घाबरून मला फोन केला होता, की याला कोणत्या वॉर्डात ठेवलं आहे.

डायनिंग हॉलमधलं काम मात्र तुला मनातून लागायचं. भांडी घासायचं काही वाटायचं नाही, ते तू हसत सांगायचास. पण भरल्या प्लेटी परत यायच्या ते तुला बघवायचं नाही. एकदा शिफ्टवरून आलास आणि बूट न काढताच बसलास. मग म्हणालास, "सुजित, आज एका पोरानं अख्खी प्लेट टाकली. हात पण लावला नव्हता. माझा मंगळवार-बुधवार निघाला असता त्यात." तुला त्या मुलाचा राग आला नव्हता, तू फक्त हिशेब लावत होतास. मी तुला चहा करून दिला.

आणि मग आपला रविवार. इथे सकाळ आणि तिकडे जेवणं झालेली. भिंतीला भोक पाडलं तर डिपॉझिट कापतात, चिकटवायचा हूकही काढताना रंग घेऊन येतो, म्हणून आपण सगळ्या भिंतीवर एकच हूक लावला होता. आधी तुझा कॉल. हुकावर बुद्धाची फ्रेम, टेबलावर तुझी पुस्तकं, पलंगावर माझी इस्त्रीची चादर. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, दाराजवळ. मग फ्रेम उतरायची, माझ्या आईने दिलेली महालक्ष्मी चढायची आणि माझा कॉल, तो संपला की पुन्हा बुद्ध. एका नाटक कंपनीत दोन प्रयोग, मध्ये दहा मिनिटं सेट बदलायला. एकदा आपण गप्पा मारत बसलो आणि फ्रेम बदलायची राहिली. माझी आई बोलता बोलता थांबली. भिंतीकडे बघत राहिली. माझ्या आईला तू ओळखत नव्हतास, तिच्या गप्प बसण्याला आमच्या घरात सगळे भितात. मी मनात उत्तर जुळवत होतो, मित्राचा आहे, खोली दोघांची आहे, असलं काहीतरी. ती म्हणाली, "तसबीर जरा तिरकी झालीया, सरळ कर." तू दाराजवळून हळूच येऊन ती सरळ केलीस आणि तिला नमस्कार केलास. त्यानंतर ती दर वेळी विचारायची, "तो उंच पोरगा जेवला का?" ती अजून विचारते. मग आठवण झाली की स्वतःच विषय बदलते.

एवढं सगळं कशासाठी, तर काकूंना खिडकी दिसावी म्हणून. हे तू मला एकदाच सांगितलंस, तेही मी फार डिवचल्यावर. वडील लवकर गेले. काकू सरकारी दवाखान्यात नर्स, क्वार्टरला एकच खोली. तू दहावीला गेल्यावर त्यांनी ती खोली तुला अभ्यासाला दिली आणि स्वतः बाहेर पॅसेजमध्ये, गॅसच्या बाजूला अंथरूण टाकायला लागल्या. नाइट ड्यूटीवरून आल्या की तिथेच झोपायच्या, तुझा दिवा त्यांच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून तोंडावर पदर घेऊन. तू निघताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, तिकडं खिडकीवाली खोली घेजो. "आता मी तिला काय दाखवू? शर्ट दाखवू?" तू मला विचारलंस. पण खोटं मला खुपत होतं. तुझ्या दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात आपलं त्यावरून मोठं भांडण झालं. मी म्हणालो, येत्या रविवारी मीच काकूंना सांगणार आहे, मग बघू त्या रडतात की आणखी काय करतात. तू म्हणालास, "सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आयुष्यभर बोलणार नाही." मी म्हणालो, नको बोलूस.

तो रविवार आलाच नाही. तुझ्या शिफ्टवरून सायकलने येताना त्या सिग्नलवर जे झालं ते मी इथे लिहीत नाही. ते पोलिसांच्या कागदात आहे, तिथेच राहू दे.

तुला घरी पाठवायचं सगळं इथल्या मराठी लोकांनी केलं. तू कधी भेटला नव्हतास अशा काका-काकूंनी केलं. त्या दिवसांत मला स्वतःचं काही आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. तिकडे सगळं उरकल्यावर काकूंनी मला व्हिडिओ कॉल केला. मी नेहमीसारखा टेबलाशी बसलो होतो, दुसरीकडे कुठे बसणार? मागे भिंतीवर तुझी बुद्धाची फ्रेम होती, कारण ती उतरवायला तू नव्हतास आणि माझा हात होत नव्हता. मी "जय भीम काकू" म्हणालो. त्यांनी "जय भीम" म्हटलं आणि मग माझ्याकडे बघेचनात. माझ्या खांद्याच्या वर बघत राहिल्या. "थांब बाबू. हलू नको. ही त्याची खोली ना? जरा फिरवून दाखवतो का?"

मी फोन फिरवला. मी खोटं बोललो नाही, प्रशिक, मी फक्त फोन फिरवला. खिडकी दाखवली. टेबल दाखवलं. पलंग दाखवला. काकू प्रत्येक वस्तूला "हो... हो..." म्हणत होत्या, जणू वस्तूच त्यांना काही सांगत होत्या. क्लॉझेटच्या दारावरून मी फोन भरकन नेला. शेवटी त्या म्हणाल्या, "खोली मोडू नको बाबू. जमेल तितके दिवस तशीच ठेवजो." मी हो म्हणालो. त्या वेळी नाही म्हणायला काळीज दगडाचं लागलं असतं.

मग दर रविवारी त्यांचा कॉल येत राहिला आणि एकाला एक जोडत गेलं. त्यांनी पलंगावरची तुझी उशी मागितली. पलंगावरची माझी होती. मी क्लॉझेटमधली निळी उशी, तुझी खरी, नागपूरला निघालेल्या एका काकांबरोबर पाठवली. पोचल्यावर फोन आला, "व्हिडिओत तर पांढरी होती." मी काहीतरी अभ्र्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वास त्याचाच आहे." तेव्हा मला एकदाच बरं वाटलं, की या सगळ्यात ती एक गोष्ट तरी खरी गेली. मग त्यांनी सांगितलं, रोज संध्याकाळी फ्रेमपुढे एक अगरबत्ती लावजो. मी लावली तर छतावरचा धुराचा अलार्म किंचाळला आणि ते दोघं तेलुगू खोलीत धावत आले. आता मी बॅटरीची मेणबत्ती लावतो. ती तशीच हलते, पण तिच्यावर हात धरला तर गरम लागत नाही.

आता मी तुला जे सांगणार आहे त्यावर तू हसशील. मला माझ्याच पलंगावर झोप येईना. काकू ज्या डोळ्यांनी तो बघतात ते डोळे माझ्यात शिरले. तिथे पडलो की वाटायचं, हा तुझा पलंग आहे, तू उभा आहेस आणि मी तुझ्या जागेवर पडलोय. मी हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन झोपायला लागलो. भाडं खोलीचं भरतो आणि राहतो सोफ्यावर. म्हणजे बघ, तुझ्यापेक्षा वाईट व्यवहार. आणि ती उशी काढल्यावर क्लॉझेट तर मी उघडतच नव्हतो. माझे शर्ट आत, मी लॅबमध्ये दोन टी-शर्टवर. तू आत लावलेला तो हालचालीने पेटणारा छोटा दिवा अजून आहे. भर दुपारी एसी सुरू झाला की आतले कपडे हलत असणार, कारण दाराखालच्या फटीतून उजेड येतो, थोडा वेळ राहतो, जातो. कारण मला माहीत आहे. मी इंजिनियर आहे. तरी पहिल्यांदा उजेड आला तेव्हा मी टेबलावरून मोठ्याने म्हणालो, "आलास का?" आणि उत्तराची वाट बघत बसलो. मग दर वेळी म्हणायला लागलो. तू बोलला नाहीस. मी 'नको बोलूस' म्हटलं होतं आणि तू शब्दाचा पक्का.

तर अशात व्हिसा आला. एक रात्र त्याच्या पलंगावर. मी सगळे मार्ग बघितले. तुला खरं सांगतो, सरळ सगळं निभावून न्यायचं असंही ठरवलं होतं. काकू येतील, माझ्या पलंगावर झोपतील, सकाळी उशाशी हात फिरवतील, डिग्री घेतील, जातील. त्यांचं समाधान होईल आणि तुझा शब्द राहील. त्या दोघा तेलुगू मुलांनाही तसं सांगून ठेवलं. त्यातला श्रीनिवास म्हणाला, "यार, शी विल टच द पिलो अँड क्राय. युवर पिलो." मी त्याला गप्प बस म्हणालो. पण ते डोक्यातून जाईना. तुझी आई एवढ्या लांबून येऊन माझ्या घामाचा वास घेऊन रडणार. तुझा वास हातभर अंतरावर, दाराआड, बंद. ते मला सहन होईना.

पुढच्या रविवारी मी सांगितलं.

"जय भीम काकू. तुम्हाला काहीतरी दाखवायचं आहे," म्हटलं, आणि त्यांनी काही विचारायच्या आत दार सरकवलं. दिवा आपोआप लागला. तुझी गादी, भिंतीला टेपने लावलेलं टाइमटेबल, कोपऱ्यात मधमाश्यांच्या क्लबातून आणलेली मधाची बाटली, आणि वर ओळीने माझे शर्ट.

"हे काय आहे?"

"क्लॉझेट. कपड्यांची खोली. प्रशिक इथे झोपायचा."

काकू एकेक विचारत गेल्या, दवाखान्यात पेशंटला विचारावं तसं, आवाज न चढवता.

"अन् ती खोली?"

"माझी."

"पलंग?"

"माझा, काकू."

"खिडकी?"

मी नुसती मान हलवली. त्यांनी ती बघितली.

"इथं हवा कुठून येते?"

"दार थोडं उघडं ठेवायचा."

तेव्हा त्यांचा आवाज फुटला. "माझ्या पोरानं मला खोटं दाखवलं, ते मी समजू शकतो. त्याला वाटलं असंल, आईला बरं वाटावं. पण तू काहून? तो गेल्यावर तू काहून दाखवत राहिला? मी त्या भिंतीशी बोलत होती रे. दर रविवारी बोलत होती." कॉल बंद झाला. मी क्लॉझेटच्या उंबऱ्यात बसून राहिलो. हालचाल नव्हती म्हणून दिवा विझला, आणि मी हललो नाही.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी तयार होऊन टेबलाशी बसायचो, हे कुणासाठी ते विचारू नकोस. मी केला तर त्या उचलत नव्हत्या. मला तुझा भयंकर राग आला. तू जिवंत असतास तर तूच हे निस्तरलं असतंस, एक वेडावाकडा विनोद करून त्यांना हसवलं असतंस. मला तो करता येत नाही. पण एक कबूल करतो, त्या दोन आठवड्यांत मी माझ्या पलंगावर झोपलो. पहिल्या रात्री इतका गाढ झोपलो की लॅबला उशीर झाला. खोली पुन्हा माझी झाली होती. तू तिच्यात मावत नव्हतास, तू दाराच्या पलीकडे होतास, तुझ्या हद्दीत. आणि तुझी आठवण तेव्हा जेवढी आली तेवढी त्या सगळ्या महिन्यांत आली नव्हती. इतके दिवस मी एका खोट्या मुलाचा शोक करत होतो, टेबलाशी बसणाऱ्या, खिडकीतून बघणाऱ्या. तो तू नव्हतासच. आंघोळीला जिममध्ये जाणारा, डोळे मिटून माझ्या शर्टाचा रंग ठरवणारा, पोट भरायला मधमाश्यांकडे जाणारा माझा मित्र मला तेव्हा परत भेटला, आणि मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडलो.

काल काकूंचा फोन आला. साधा, व्हिडिओ नाही. रविवारही नव्हता.

"जेवला का बाबू?"

"हो काकू."

"मी तिकीट काढलं." मग लगेच विचारलं, "एक सांग. त्याला तिथं झोप लागे का?"

"लागायची. घोरायचा. मी इकडून उशी फेकून मारायचो."

त्या हसल्या असं वाटलं, किंवा दुसरं काही असेल. "पाय पुरत का त्याचे?"

"तिरपा झोपायचा."

"हाव. लहानपणापासून तिरपाच. मला अर्धी चटई सोडत नव्हता." मग म्हणाल्या, "मी त्याला रागावणार होती, बाबू. दोन आठवडे रागावलीच. मग माझ्या लक्षात आलं, हे मीच त्याला शिकवलं. मी पॅसेजमध्ये झोपत होती तेव्हा माझ्या आईला सांगत होती, दोन खोल्या आहेत म्हणून."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काकू, इथे जवळच चांगलं हॉटेल आहे. मी बुक करतो. मी पैसे..."

"हॉटेल काहून? व्हिसाच्या खिडकीवर त्या पोरीनं विचारलं होतं मला, कुठं राहाल? मी म्हटलं, मुलाच्या खोलीत. तिथंच राहीन. गादी उचलू नको. चादर धुवू नको. तुझे शर्ट असू दे वरती, जसे होते तसे."

"काकू, तिथे तुम्हाला गुदमरल्यासारखं होईल."

"सव्वा वर्ष माझा पोरगा राहिला. मला एक रात्र जमते." आणि मग, ड्यूटीवर सांगतात तशा आवाजात, "मी आत गेली की दार लावून घेजो. पूर्ण लावजो. मी आवाज दिल्याशिवाय उघडू नको."

मी हो म्हणालो, प्रशिक. ते दार मी लावणार आहे. तू नेहमी थोडं उघडं ठेवायचास ते दार मला तुझ्या आईवर पूर्ण लावायचं आहे. मी बाहेर बसून राहीन. आतून त्या कुणाशी तरी बोलतील, ते मला ऐकू येईल. तू उत्तर दिलंस तर ते तुमच्या दोघांचं आहे. पण त्यांचा आवाज बंद झाला आणि त्या मला हाक मारेनात, तर मी किती वेळ थांबू, एवढं एक सांग. आता तरी बोल.